अंबडच्या शेडमध्ये मेक : दहा महिने रोज वापरून जे वाटलं ते

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, एक्सलो पॉइंटपासून आतल्या बाजूला आमचं युनिट आहे. इलेक्ट्रिक पॅनलचे बॉक्स बनवतो, म्हणजे सीआरसीए शीट (पातळ पोलादी पत्रा) आणायची, लेझर कटिंग बाहेरून करून घ्यायचं, बेंडिंग-वेल्डिंग आपल्याकडे, पावडर कोटिंगला सिन्नरला पाठवायचं, परत आलं की गॅस्केट, लॉक, बिजागऱ्या बसवून डिस्पॅच. सगळे मिळून २४ माणसं, त्यातले ऑफिसमध्ये तिघंच: मी, अकाउंटच्या वहिनी आणि डिस्पॅचचे काका. हे आधी सांगते कारण ॲप एकमेकांना जोडायच्या मेक (Make) या टूलबद्दल नेटवर जे वाचायला मिळतं ते सगळं दिवसभर लॅपटॉपवर बसणाऱ्या कंपन्यांचं असतं, आणि आमच्याकडे अर्धं काम हाताला ग्रीस लागलेल्या माणसांचं आहे, तर तिथे हे चालतं का हाच माझा प्रश्न होता. चालतं. पण काही गोष्टी कोणी आधी सांगितल्या असत्या तर दोन महिने वाचले असते, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आमची अडचण कुठली ते सांगते. इन्क्वायरी यायची पाच ठिकाणांहून. कंपनीच्या मेलवर, साहेबांच्या (आमच्या मालकांच्या) पर्सनल मेलवर, इंडियामार्टवर, व्हॉट्सॲपवर, आणि फोनवर, आणि फोनवरची काकांनी डिलिव्हरी चलनाच्या मागे लिहून ठेवलेली असायची. मी संध्याकाळी बसून सगळं एका शीटमध्ये टाकायचे, ज्या दिवशी वेळ मिळाला त्या दिवशी. मागच्या वर्षी पावसाळ्यात गोंद्याच्या एका कस्टमरने ४० बॉक्सची इन्क्वायरी दोनदा मेल केली होती, दोन्ही वेळा ती साहेबांच्या मेलवर पडून राहिली, तिसऱ्या आठवड्यात त्यांचा परचेसवाला फोनवर म्हणाला मॅडम आता राहू द्या, आम्ही दुसरीकडे ऑर्डर टाकली. आवाज चढवला नाही त्याने, साधं सांगितलं. त्या दिवशी मला खूप लागलं, कारण रेट आपला नक्की बसला असता आणि माल वेळेत देता आला असता, फक्त कोणी वाचलंच नाही.

तेव्हापासून शोधायला लागले. मेक हे नाव मला आधी माहीत नव्हतं, जुन्या लोकांना ते इंटिग्रोमॅट म्हणून माहीत असेल, २०१२ ला प्रागमध्ये सुरू झालेलं, २०२० ला सेलोनिसने घेतलं आणि २०२२ पासून नाव मेक झालं. काम काय करतं तर एका ॲपमध्ये काहीतरी घडलं की दुसऱ्यात आपोआप काहीतरी करतं. मेल आला की शीटमध्ये ओळ भर, ओळ भरली की ड्राइव्हमध्ये फोल्डर बनव, फोल्डर झाला की ग्रुपवर मेसेज टाक, असं. स्क्रीनवर गोल गोल असतात, प्रत्येक गोल म्हणजे एक ॲपचं एक काम, त्यांना मॉड्यूल म्हणतात, ते रेषेने जोडायचे, आणि अख्ख्या साखळीला सिनॅरिओ म्हणतात. चालवलं की प्रत्येक गोलाच्या डोक्यावर छोटा आकडा येतो, त्यावर क्लिक केलं की आत काय आलं आणि बाहेर काय गेलं ते दिसतं. मला कोडिंग अजिबात येत नाही, बीकॉम झालंय माझं, पण हा आकडा उघडून बघायची सवय लागली आणि तिथून मी शिकत गेले. माझ्या मते मेकची सगळ्यात चांगली गोष्ट हीच, काय घडलं ते डोळ्यांना दिसतं.

झॅपियर पण बघितलं होतं. ते जास्त जुनं, २०११ चं, त्याच्याशी जोडलेली ॲप्सही कितीतरी जास्त, आणि सुरुवात करायला खरंच सोपं आहे, वरून खाली एकेक पायरी भरत जायची. ज्याला दोन ॲप जोडायचीत आणि विषय संपवायचाय त्याने तेच घ्यावं. फुकटच्या प्लॅनमध्ये महिन्याला १०० टास्क आणि एका साखळीत दोनच पायऱ्या, आमच्या कामाला ते पुरणारं नव्हतं, आणि पैसे भरायचे तर तेवढ्याच कामाचं बिल मेकपेक्षा जास्त येत होतं. माझा भाऊ पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो म्हणत होता एनएटएन (n8n) घे, बर्लिनचं आहे, २०१९ पासूनचं, स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं तर महिन्याची फी लागत नाही, कितीही वेळा चालव. बरोबरच आहे त्याचं. पण सर्व्हर घ्यायचा, त्यावर डॉकर नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं, अपडेट करायचे, बॅकअप ठेवायचा, आणि एखाद्या दिवशी सकाळी ते बंद पडलं की अंबडमध्ये बघणार कोण, तो तर पुण्याला. घरात टेक्निकल माणूस असेल त्यांनी जरूर बघावं, आमच्याकडे नव्हता म्हणून मेक.

आता पैशाचं बोलू कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. मेकमध्ये क्रेडिटवर हिशोब चालतो, आधी त्याला ऑपरेशन म्हणायचे, २०२५ पासून क्रेडिट म्हणतात, साध्या कामांना एक मॉड्यूल एकदा चाललं की एक क्रेडिट गेलं. फुकट प्लॅनमध्ये महिन्याला १,००० मिळतात आणि दोनच सिनॅरिओ चालू ठेवता येतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण इथे एक गोष्ट आहे जी नवीन माणसाच्या लक्षात येत नाही, माझ्या पण नाही आली. शीटमध्ये नवीन ओळ आली का, मेल आला का, हे बघायला मेक ठरलेल्या वेळाने डोकावतं, आणि काहीही नवीन सापडलं नाही तरी त्या डोकावण्याचं एक क्रेडिट जातं. फुकट प्लॅनवर कमीत कमी दर १५ मिनिटांनी डोकावता येतं, म्हणजे दिवसाला ९६, महिन्याला २,८८० च्या आसपास, म्हणजे एकही इन्क्वायरी आली नाही तरी हजार क्रेडिट दहा-अकरा दिवसांत खलास. माझे पहिल्या महिन्यात ११ तारखेला संपले आणि मला वाटलं काहीतरी बिघडलं.

यावर दोन उपाय. एक म्हणजे शेड्युल ऑफिसच्या वेळेपुरतंच ठेवायचं, सकाळी ९ ते ६, दर अर्ध्या तासाने, शनिवारी आमची सुट्टी असते तो दिवस वगळून, मग तेच डोकावणं महिन्याला ४५०-४७० मध्ये बसतं. दुसरा आणि खरा उपाय म्हणजे वेबहुक. वेबहुक म्हणजे मेकने आपल्याला एक लिंक द्यायची आणि समोरच्या ॲपने काही घडलं की त्या लिंकवर स्वतःहून सांगायचं. दर पाच मिनिटांनी गेटवर जाऊन गाडी आली का बघण्यापेक्षा वॉचमनने बेल दाबावी तसं. गाडी आली तरच क्रेडिट जातं, आणि लगेच कळतं ते वेगळं. मेलसाठी पण तशीच सोय आहे, मेलहुक म्हणतात, मेक एक लांबलचक मेल ॲड्रेस देतं, आपल्या मेलमध्ये फिल्टर लावून इन्क्वायरीचे मेल तिकडे फॉरवर्ड करायचे. आम्ही नंतर पैसे भरून खालचा प्लॅन घेतला, १०,००० क्रेडिटचा, महिन्याला साधारण १० डॉलरच्या आसपास पडतो, वर्षाचे एकदम भरले तर थोडं कमी. कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार चालू करून घ्यावे लागले, आणि वहिनींनी सीएना विचारून घेतलं, परदेशातून घेतलेली सर्व्हिस असल्यामुळे रिव्हर्स चार्जने आयजीएसटी आपणच भरायचा असतो, हे पण ज्यांचं जीएसटी रजिस्ट्रेशन आहे त्यांनी डोक्यात ठेवा.

आमचा पहिला सिनॅरिओ इन्क्वायरीचा. चारी बाजूंचे मेल मेलहुकवर, तिथून टेक्स्ट पार्सर नावाच्या मॉड्यूलने मोबाइल नंबर, कंपनीचं नाव, साइझ असेल तर साइझ काढून शीटमध्ये एक ओळ, पुढे इन्क्वायरी नंबर, आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर मेसेज. फोनवरच्या इन्क्वायरीसाठी काकांच्या मोबाइलवर एक गूगल फॉर्म ठेवलाय, चार रकाने, मराठीत, तो भरला की तीच साखळी. काकांना सुरुवातीला ते नको होतं, चलनाच्या मागे लिहायची त्यांची २० वर्षांची सवय, मी जास्त बोलले नाही, फक्त आठवडाभर त्यांच्या चिठ्ठ्या मी स्वतः फॉर्ममध्ये भरत गेले आणि प्रत्येकीचं कोटेशन त्याच दिवशी गेलं, मग दुसऱ्या सोमवारी त्यांनीच विचारलं की तो फॉर्म माझ्या मोबाइलवर कुठे दिसतो.

टेलिग्राम का आणि व्हॉट्सॲप का नाही, हे खूप जण विचारतात. आपल्याकडे सगळा कारभार व्हॉट्सॲपवर चालतो हे खरंच आहे, पण सिस्टिमने आपोआप मेसेज पाठवायचा तर व्हॉट्सॲपचं बिझनेस प्लॅटफॉर्म घ्यावं लागतं, तिथे आपण सुरुवात करून पाठवायचा मेसेज आधी टेम्प्लेट म्हणून मंजूर करून घ्यावा लागतो, कस्टमरने मेसेज केल्यापासून २४ तासांतच मोकळं लिहिता येतं, आणि पैसे वेगळे. कस्टमरला पाठवायचं असेल तर ती खटपट करण्यात अर्थ आहे, आपल्याच आठ-दहा माणसांना कळवायला नाही. टेलिग्रामचा बॉट, म्हणजे आपोआप मेसेज टाकणारं खातं, फुकट बनतो, दहा मिनिटांचं काम. फक्त ग्रुपचा आयडी मायनसने सुरू होतो, तो मायनस टाकायचा राहिला की मेसेज जात नाही, माझी त्यात एक दुपार गेली.

दुसरा सिनॅरिओ कोटेशनचा आहे आणि तो मला सगळ्यात आवडतो. शीटमध्ये साइझ, गेज, कलर शेड, संख्या, रेट भरून स्टेटसच्या रकान्यात "कोटेशन" निवडलं की गूगल डॉक्सच्या टेम्प्लेटमधून कोटेशन तयार होतं, त्याची पीडीएफ होते, कस्टमरच्या नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि मेलचा ड्राफ्ट तयार होऊन थांबतो. थांबतो, जात नाही. मी उघडून वाचते आणि मग पाठवते. हे मुद्दाम केलंय, रेटचा एक शून्य इकडचा तिकडे झाला तर नुकसान आपलं. आधी एक कोटेशन करायला मला २५-३० मिनिटं लागायची, जुनी फाइल उघडा, नाव बदला, तारीख बदला, खाली मागच्या कस्टमरचा पत्ता तसाच राहून गेला का बघा. आता भरायला पाच आणि वाचायला दोन. दिवसाला सहा-सात कोटेशन असतात, बघा किती वेळ वाचतो. आणि वाचलेल्या वेळात मी जुन्या कोटेशनच्या मागे लागते, फोन करते, जे आधी कधी होतच नव्हतं.

शॉप फ्लोअरचं मात्र मला सगळ्यात जास्त अवघड वाटत होतं. पीओ (कस्टमरची परचेस ऑर्डर) आला की जॉब कार्ड निघतं, ते कागदावरच आहे आणि कागदावरच राहणार, वेल्डिंगच्या टेबलाजवळ मोबाइल घेऊन कोण बसणार. पण पावडर कोटिंगला गेलेला लॉट परत आला का नाही हे विचारायला मी दिवसातून चार वेळा शेडमध्ये जायचे. मग जॉब कार्डवरच क्यूआर छापायला लागलो. गूगल फॉर्मची आधीच भरलेली लिंक बनवता येते, म्हणजे स्कॅन केलं की जॉब नंबर भरूनच फॉर्म उघडतो, माणसाने फक्त स्टेज दाबायची: लेझरहून आला, बेंडिंग झालं, वेल्डिंग झालं, कोटिंगला गेला, कोटिंगहून आला, असेंब्ली. ही लिंक प्रत्येक जॉबची वेगळी, ती शीटमधल्या फॉर्म्युल्याने आपोआप बनते. पहिल्या आठवड्यात जॉब कार्ड तेलाने माखायचं आणि क्यूआर वाचलाच जायचा नाही, मग प्लॅस्टिकचे पाऊच आणले, एका पाऊचला मागे चुंबक लावला, तो बॉक्सच्या शीटला चिकटतो, आता जॉब जिकडे जातो तिकडे कार्ड जातं. पाऊच आणि चुंबक मिळून जो खर्च आला तो मेकच्या महिन्याच्या बिलापेक्षा जास्त नव्हता, आणि खरं सांगते, अख्ख्या सिस्टिममध्ये त्या चुंबकाने जे काम केलं ते मोठं आहे.

फॉर्मची अक्षरं मोठी ठेवली, स्टेजची नावं शेडमध्ये बोलतात तशीच ठेवली. "कोटिंग रिसीव्ड" लिहिलं होतं तेव्हा कोणी दाबत नव्हतं, "कोटिंगहून आला" केलं तेव्हापासून दाबतात.

आता चुकांचं, कारण इथेच माणसं टूल सोडून देतात. सुरुवातीचं सेटअप आम्ही एका फ्रीलान्सरकडून करून घेतलं होतं, नाव घेत नाही, मुलगा हुशार होता, काम पण नीट केलं, पण त्याने सगळं स्वतःच्या मेल आयडीवर केलं. अकाउंट त्याचं, कनेक्शन त्याचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही कारण चालत होतं. मग वहिनींनी एक दिवस शीट नीटनेटकी करताना खालच्या टॅबचं नाव "इन्क्वायरी" होतं ते "इन्क्वायरी २५-२६" केलं, नवीन आर्थिक वर्षात कोणीही करेल असं साधं काम. सिनॅरिओ ते जुनं नाव शोधत राहिला, सापडलं नाही, चूक आली, परत चूक आली. मेकमध्ये लागोपाठ ठरावीक वेळा चूक आली की सिनॅरिओ आपोआप बंद होतो आणि मालकाला मेल जातो, आणि मालक म्हणजे तो मुलगा, त्याने तोपर्यंत दुसरीकडे नोकरी धरलेली. चार दिवस एकही इन्क्वायरी शीटमध्ये आली नाही. आणि आम्हाला काय वाटलं, मार्च संपलाय, एप्रिलचा पहिला आठवडा, मंदी आहे. साहेब पण म्हणाले बाजार थंड आहे. पाचव्या दिवशी एका ओळखीच्या कस्टमरने फोन करून विचारलं तेव्हा मी मेल उघडून बघितले, तर अकरा इन्क्वायरी तिथे बसलेल्या. मला रडूच आलं. ज्या गोष्टीसाठी सगळं केलं तीच परत झाली होती, फक्त यावेळी सगळं व्यवस्थित चाललंय या विश्वासात झाली होती, म्हणून जास्त लागलं.

त्या अकरापैकी आठ जणांना त्याच दिवशी रात्री साडेनऊपर्यंत बसून कोटेशन पाठवली. दोन ऑर्डर आल्या सुद्धा.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. सगळं कंपनीच्या डोमेनच्या मेल आयडीवर नव्याने उभं केलं, पासवर्ड साहेबांकडे आणि माझ्याकडे. इथे अजून एक सांगते, साध्या जीमेलच्या आयडीने मेकला मेल जोडायचा तर गूगलच्या क्लाउड कन्सोलमध्ये जाऊन स्वतःचं प्रोजेक्ट बनवावं लागतं, आणि ते प्रोजेक्ट "टेस्टिंग"वर राहिलं तर परवानगी सात दिवसांत संपते, म्हणजे दर आठवड्याला कनेक्शन तुटतं. आमचं तसंच राहिलं होतं, दर बुधवारी तुटायचं, मी दर बुधवारी जोडायचे आणि हे असंच असतं असं समजायचे. कंपनीचं गूगल वर्कस्पेसचं अकाउंट असेल तर ही भानगडच येत नाही. दुसरं, शीटच्या ज्या टॅबची आणि रकान्यांची नावं सिनॅरिओत वापरलीयेत त्यांना लाल रंग दिला आणि शीट प्रोटेक्ट केली, वहिनींना पण समजावून सांगितलं, त्यांची चूक नव्हतीच, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की या नावाला मागून काहीतरी बांधलेलं आहे. तिसरं, रोज सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी टेलिग्रामवर एक मेसेज येतो: काल इतक्या इन्क्वायरी, इतकी कोटेशन गेली, इतके जॉब कोटिंगला आहेत. काही नसेल तरी शून्य, शून्य, शून्य असा येतोच. मेसेज आला नाही याचा अर्थ काहीतरी बंद आहे. ज्यांनी ज्यांनी असं काही लावलंय त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हा एक मेसेज लावाच. चूक आली की कळवणारं सेटिंग पुरत नाही, कारण ते कळवणंच ज्या रस्त्याने येतं तो रस्ता बंद असू शकतो.

सुरुवातीला ग्रुपवर सगळ्याचेच मेसेज यायचे, इन्क्वायरी आली, फोल्डर बनला, कोटेशन बनलं, कोटेशन गेलं, जॉब सरकला. दिवसाला शंभर. आठवड्यात सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला आणि मग महत्त्वाचा मेसेज पण कोणी बघेना. आता तीनच येतात: नवीन इन्क्वायरी, कोटिंगला सहा दिवसांपेक्षा जास्त अडकलेला जॉब, आणि सकाळचा तो हिशोब. म्यूट कोणी करत नाही.

तारखांचं पण जरा जपून. शीटच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका असला तर ०५/०८ म्हणजे ८ मे धरला जातो, आपण ५ ऑगस्ट म्हणून लिहिलेलं असतं. देश भारत करा, मेकमध्ये टाइमझोन कोलकात्याचा करा, आणि जिथे तारीख मेसेजमध्ये जाते तिथे महिना अक्षरात लिहायला लावा, "५ ऑगस्ट", मग डिस्पॅचवाल्याचा गोंधळ होत नाही.

टॅली. इथे मला मेकमुळे समाधान मिळालं नाही, पण दोष मेकचा नाही. टॅली वहिनींच्या मशिनवर आहे, कंपनी उघडी असेल आणि पोर्ट ९००० वर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या दारावर, ते ऐकत असेल तरच बाहेरचं कोणी त्याच्याशी बोलू शकतं, तेही त्याच नेटवर्कमधून. मेक बसलंय तिकडे लांब क्लाउडवर. मधे ब्रिज टाकणारे लोक आहेत, कोटेशन पण घेतली, पण वहिनींनी एकच विचारलं, बाहेरून कोणी माझ्या टॅलीत एंट्री करणार का, आणि मला त्यांचं म्हणणं पटलं. हिशोबाच्या वहीला आपोआप हात लागू नये. म्हणून उलटं केलं, सोमवारी आणि गुरुवारी वहिनी येणे बाकीची एक्सेल काढून ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये टाकतात, दोन मिनिटांचं काम, आणि तिथून पुढे मेक.

आणि हा येणे बाकीचा सिनॅरिओ खरं तर साहेबांना सगळ्यात जास्त आवडला. आपण एमएसएमईत लघु उद्योग म्हणून रजिस्टर आहोत, २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त क्रेडिट चालत नाही, करार नसेल तर १५, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज मागता येतं. त्यात २०२३-२४ पासून आयकरात ४३बी(एच) आलं, म्हणजे वेळेत पेमेंट दिलं नाही तर तो खर्च समोरच्याला प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी दाखवता येतो. हे सगळं माहीत सगळ्यांना असतं, पण कुठल्या बिलाला आज किती दिवस झाले हे रोज बघणार कोण. आता ३० व्या दिवशी साधं आठवणीचं मेल आपोआप जातं, बिल नंबर, तारीख, रक्कम, सोबत बिलाची कॉपी. ४० व्या दिवशी दुसरं. ४५ व्या दिवसाचं मेल ड्राफ्टमध्येच थांबतं, साहेब वाचतात, फोन करायचा की मेल पाठवायचं ते ठरवतात, कारण १५ वर्षं ज्यांच्याबरोबर धंदा केलाय त्यांना मशिनने कायदा सांगू नये असं त्यांचं मत आहे आणि ते बरोबर आहे. गंमत म्हणजे निम्म्या पार्ट्यांकडे पैसे अडकायचं कारण पैसे नसणं हे नव्हतंच, बिलाची कॉपी त्यांच्या अकाउंटपर्यंत पोचलेली नसायची. ३० व्या दिवशीच्या त्या एका मेलने ते बाहेर आलं.

एआयचं पण विचारतात. पीओची पीडीएफ वाचून शीट भरायला एआयचं मॉड्यूल लावून बघितलं, नाव-पत्ता चांगला काढतं, पण एका पीओत "१० संच, प्रत्येकी २" असं होतं तिथे संख्या १० धरली. संख्या आणि रक्कम मी स्वतः टाइप करते, तेवढं राहू द्या.

ज्यांचं काम महिन्याला दहा-वीस इन्क्वायरीचं आहे त्यांनी पैसे भरू नयेत, गूगल फॉर्म, शीट आणि त्यातलीच ॲप्स स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम लिहायची सोय) यावर भागेल, फॉर्म भरला की मेल जाणं एवढं फुकटात होतं. आमच्यासारखं, म्हणजे कागद, मोबाइल, मेल, चार वेंडर आणि येणे बाकी सगळं एकमेकांत अडकलेलं असेल, तर मेक घ्या. ५ पैकी साडेचार देईन. अर्धा यासाठी कापला की मदतीची सगळी पानं इंग्रजीत आणि कठीण शब्दांत, आमच्या सुपरवायझरने स्वतः शिकायची खूप इच्छा दाखवली, मला त्यांना प्रत्येक वाक्य मराठीत करून द्यावं लागलं. मी ते एका वहीत लिहून ठेवलंय, अंबड-सातपूरमध्ये कोणाला हवं असेल तर फोटो काढून देईन.

परवाचीच गोष्ट. मी लग्नाला नागपूरला गेले होते, सकाळी साडेनऊला काकांचा फोन. "ताई, आज तो शून्य-शून्यवाला मेसेज आला नाही." आठ महिन्यांपूर्वी चलनाच्या मागे लिहिणारे काका. मी मंडपाच्या मागे खुर्ची टाकून लॅपटॉप उघडला, तर क्रेडिट संपलेले, मीच जायच्या आधी काहीतरी टेस्ट करायला एका सिनॅरिओचं शेड्युल ५ मिनिटांवर आणलं होतं आणि तसंच राहिलं, दिवसाला २८८ क्रेडिट नुसते डोकावण्यात चालले होते, वॉर्निंगचे दोन मेल पण लग्नाच्या गडबडीत मी उघडले नव्हते. थोडे जास्तीचे क्रेडिट विकत घेतले, शेड्युल परत अर्ध्या तासावर नेलं, सिनॅरिओ एकदा हाताने चालवला. सव्वादहाला ग्रुपवर मेसेज आला, काल सात इन्क्वायरी, पाच कोटेशन, तीन जॉब कोटिंगला. त्याच्या खाली काकांनी लिहिलं, आला.